हरळीच लावायची, तर पैसे कशाला मोजायचे?

पत्र : आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. जुनं घर पाडून गेल्या वर्षी दुमजली बांधलं. घर पूर्वाभिमुख आहे आणि पुढे साधारण गुंठाभर जागा मोकळी ठेवली आहे. दक्षिणेच्या कोपऱ्यात जुना कडुलिंब आहे, तो तोडायचा नाही यावर आम्हा दोघांचं एकमत आहे (बाकी कशावर नाही). जमीन काळी. पाणी महापालिकेचं आणि बोअरचं. बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर बसतो. सुट्टीत पुण्याहून नातवंडं येतात, त्यांना खेळायला हिरवळ हवी. नर्सरीवाला म्हणतो ‘मेक्सिकन’ लावा, दिसायला एक नंबर. मुलगा म्हणतो प्लॅस्टिकची हिरवळ अंथरा, कटकट मिटली. आणि आमचे हे मूळचे तासगाव तालुक्यातले, त्यांचं म्हणणं, “आमच्या आईचा जन्म रानातली हरळी काढण्यात गेला, आणि तू ती पैसे देऊन अंगणात लावणार?” ऐकू तरी कुणाचं? पावसाच्या आत ठरवायचं आहे.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, पत्र वाचून आधी तुमच्या यजमानांची बाजू घ्यावीशी वाटली, कारण या तिघांत गवत खरं ओळखतात ते एकटेच. हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वांचंच गवत, कशी असते हे ज्याने खुरपं धरलंय त्यालाच कळतं. वरून धावते, खालूनही धावते. काळ्या रानात तिच्या काशा खोल उतरतात, नांगराने तुटल्या की प्रत्येक तुकड्याला नवा कोंब. उन्हाळ्यात वाळून कोळ झालेली दिसते आणि वळवाच्या एका सरीत पुन्हा हिरवी. आता हे सगळे दुर्गुण अंगणाच्या हिशेबाने पुन्हा वाचा. मुलांनी तुडवली तरी भरून येणारी, पाणी तुटलं तरी न मरणारी, खारट पाणी सोसणारी. सांगलीच्या काळ्या मातीत, उघड्या उन्हात, खेळणाऱ्या पोरांच्या पायाखाली लावायला याहून चांगलं गवत मला माहीत नाही. तेव्हा हरळीच लावा, पण गुंठाभर नको, आणि आजच्या आज नको.

गुंठाभर का नको, ते आधी सांगते, कारण लोक बहुतेक इथेच फसतात. गवत निवडताना मंडळी नर्सरीत जाऊन गवत बघतात. बघायचं असतं ते स्वतःच्या अंगणातलं ऊन. हरळीला दिवसाला निदान सहा तास सरळ ऊन लागतं, आठ मिळालं तर उत्तम. तुमचं अंगण घराच्या पूर्वेला, घर दुमजली. म्हणजे सकाळचं ऊन भरपूर, पण दुपारी सूर्य कलला की घराचीच सावली अंगणात उतरणार. भिंतीलगतच्या पट्ट्याला दुपारी एकनंतर काही मिळत नाही. यात कडुलिंबाची भर.

कडुलिंबाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सध्या मे महिना आहे. आपल्या अक्षांशावर मेमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे झाडाची सावली झाडाखालीच पडते आणि बाकीचं अंगण लख्ख दिसतं. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो की तीस फुटी झाडाची सावली भर दुपारी उत्तरेला पंचवीस फूट पसरते. तुमचं झाड दक्षिणेला आहे, म्हणजे ही सगळी सावली अंगणातच पडणार. आज मोजून ‘सगळीकडे ऊन आहे’ म्हणाल, आणि संक्रांतीपर्यंत अर्धं गवत विरळ, लांबट, पिवळट झालेलं असेल. मग खत घालाल, पाणी वाढवाल, नर्सरीवाल्याला बोलावाल, तो एक औषध देईल. औषध सावलीवर चालत नाही.

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. झाडाखालचा घेर आणि भिंतीचा पट्टा वगळला तर हिरवळीजोगी जागा माझ्या अंदाजाने ६५० चौरस फुटांच्या आसपास उरेल. तेवढीच धरा. क्रिकेट त्यात बसतं, चेंडू शेजाऱ्याकडे जायचा तो जाणारच.

झाडाखाली कुठलंच गवत लावू नका. सावलीत तग धरणारी रुंद पानांची गवतं मिळतात, नर्सरीत कुणी त्यांना बफेलो म्हणतं, कुणी कार्पेट, पण कडुलिंबाच्या मुळांशी पाण्यासाठी झगडून ती कायम मरगळलेली राहतात. तिथे बारीक खडी किंवा मुरूम पसरा, एखादा बाक टाका. बुंध्याभोवती मातीचा भराव मात्र घालू नका, जुन्या झाडाची मुळं त्याने गुदमरतात. घेराच्या बाहेरच्या कडेला, जिथे सावली पातळ होते, तिथे मोठ्या कुंड्यांत हळद लावा. हळदीला थोडी सावली चालते, आणि २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली हळद ज्या गावाची, त्या गावातल्या अंगणात ती नसणं मला तरी विचित्र वाटतं. घराच्या भिंतीलगत मोंडो लावलं तर चालेल. त्याला लोक ग्रास म्हणतात, ते खरं गवत नाही, पण काळपट हिरवं राहतं आणि कापावं लागत नाही.

आता मेक्सिकनबद्दल. नर्सरीवाला खोटं बोलत नाहीये. या नावाने बहुतेक ठिकाणी झोयशिया जातीचं गवत मिळतं. दाट, गडद, वाढ हळू, त्यामुळे कापणी कमी, आणि हरळीपेक्षा थोडी जास्त सावली सोसतं. माणसं ज्यावर चालण्यापेक्षा ज्याच्याकडे बघत बसतात, त्या अंगणाला ते शोभतं. पण त्याची वाढच हळू असल्यामुळे एकदा उखडलं की भरून यायलाही तितकाच वेळ घेतं. यष्टीची जागा एका सुट्टीत टकली होते आणि पुढच्या सुट्टीपर्यंत टकलीच राहते. शिवाय ते गालिच्याच्या लाद्यांनी अंथरायचं म्हणजे खर्च सगळ्या क्षेत्राचा. कोरियन म्हणून एक मऊ, उंचवट्या-उंचवट्यांचं गवत दाखवतील, ते तर नुसतं शोभेचं. ‘टिफ ड्वार्फ’ हे गोल्फच्या मैदानासाठी काढलेलं हरळीचंच संकरित वाण आहे, ते फार खाली आणि वारंवार कापावं लागतं. त्याच्या नादी लागू नका.

इंटरनेटवर बियांची रंगीत पाकिटं मिळतात, केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, राय असली नावं असतात. ती थंड देशांची गवतं. नोव्हेंबरात पेरलीत तर जानेवारीत फोटो काढण्याइतकी हिरवी होतील, आणि एप्रिलात संपतील.

प्लॅस्टिकच्या हिरवळीबद्दल मुलाला एवढंच सांगा, की मे महिन्यात दुपारी तिच्यावर अनवाणी उभा राहून दाखव.

पाण्याचा हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. सांगलीच्या उन्हाळ्यात हिरवळ हिरवीगार ठेवायची तर दिवसाला सरासरी पाच मिलिमीटर धरा. पूर्ण गुंठा लावला असता तर ते रोजचे पाचशे लिटर झाले असते, म्हणजे हजाराची अर्धी टाकी फक्त गवताला. ६५० फुटांना तीनशे लिटर. ज्या मिरजेतून २०१६मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती तुमच्यापासून दोन हाकांवर आहे. एवढं पाणी रोज गवतावर ओतायला हात कचरला तर मला नवल वाटणार नाही. इथेच हरळी कामाला येते. एप्रिल-मेमध्ये तिला तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडंच द्या, तांबूस पडू द्या, ती मेलेली नसते. रोज शिंतोडे मारण्यापेक्षा चार दिवसांनी मुरवून दिलेलं पाणी काळ्या जमिनीला केव्हाही बरं, मुळं खाली जातात.

बोअरच्या पाण्याची तुमची काळजी अर्धी बरोबर आहे. बादलीवरचा पांढरा थर चुन्याचा असतो, त्याने गवताचं फारसं काही बिघडत नाही. घात करतो तो सोडियम. वाळवा, पलूस, मिरज भागात नदीकाठची चांगली रानं क्षारपड आणि चोपण कशी झाली हे तुमच्या यजमानांना विचारा. अंगणातही लहान प्रमाणात तेच होतं. चोपण झालेली काळी माती पाऊस पडला की साबणासारखी होते, पाणी वरच साचतं, आणि वाळली की दगड. तेव्हा माती आणि बोअरचं पाणी, दोन्हींची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्या, खर्च फार नसतो. अहवालात मातीचा सामू ८.५च्या वर आला तर जिप्समचा सल्ला तिथेच विचारा. तो साधा आला तर जिप्सम घालू नका, ‘असू दे थोडं’ म्हणूनसुद्धा नाही. पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप, ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर निश्चिंत राहा. २.२५च्या वर गेली तर ते पाणी एकटं वापरू नका, महापालिकेच्या पाण्यात मिसळून द्या आणि पावसाळ्यात जमीन चांगली धुऊन निघू द्या. हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते, कुंड्यांतली हळद सोसणार नाही.

जमिनीची तयारी हा या सगळ्यातला कंटाळवाणा भाग आहे आणि महत्त्वाचाही. नुकतं घर बांधलंय, म्हणजे मातीत विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, खिळे असणारच. ते सगळं काढा, नातवंडांच्या पायांसाठी तरी. मग काळी माती नऊ इंच खणून उन्हात तापू द्या, मे महिन्याचं ऊन फुकट आहे. उतार घराकडून रस्त्याकडे काढा, दहा फुटांना दीड इंच पुरे. काळ्या जमिनीत पाणी थांबलं की गवत सडतं, आणि पाया ओला राहतो ते वेगळंच.

वर चार इंच पोयट्याची माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत यांचा थर द्या. ६५० फुटांना तो सव्वादोन ब्रासच्या (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आत बसतो, त्यामुळे ट्रकवाला तीन-चार ब्रास म्हणाला तर मान हलवू नका. काळ्या मातीतच थोडी वाळू मिसळून भागवू असं कुणी सुचवेल, ते करू नका. चिकणमातीत जराशी वाळू गेली की ती मोकळी होण्याऐवजी आणखी घट्ट बसते.

आणि ट्रकमधून मातीबरोबर लव्हाळा येतो. हे मी अगदी ठामपणे सांगते. नदीकाठच्या मातीत त्याच्या गाठी असतातच. हरळीत एकदा लव्हाळा शिरला की पुढची सगळी वर्षं तुम्ही दोघं संध्याकाळी अंगणात वाकलेले दिसाल. म्हणून माती पसरली की लगेच लागवड करायची नाही. पाणी मारा, पंधरा-वीस दिवस थांबा, जे उगवेल ते गाठीसकट खणून काढा, नुसतं उपटू नका. पुन्हा पाणी, पुन्हा तेच. तुमच्या यजमानांना काम द्यायचं असेल तर ते हे. मघाशी आजच्या आज नको म्हटलं ते यासाठी. मे महिना या कामात घालवा, लागवड जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस स्थिरावल्यावर.

शेणखत पूर्ण कुजलेलं घ्या, हातात घेतल्यावर भुसभुशीत आणि वास नसलेलं. कच्च्या खतातून हुमणी येते. हुमणीचा दुसरा रस्ता तुमच्या घरात उभा आहे, तो म्हणजे कडुलिंब. वळवाचा पाऊस झाला की मे-जूनमध्ये संध्याकाळी तिचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंबावर, बाभळीवर जमतात, पाला खातात, तिथेच जुळतात आणि माद्या जवळच्या मातीत अंडी घालतात. पुढे पांढऱ्या अळ्या गवताची मुळं खातात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात हिरवळीचे तुकडे हाताने उचलले तर चटईसारखे सुटून येतात. ऊसवाले शेतकरी हे दरवर्षी भोगतात. वळवानंतरच्या आठ-दहा संध्याकाळी, दिवेलागणीनंतर खाली चादर अंथरून फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे थोडं रॉकेल टाकलेल्या पाण्यात टाका. झाड एकच आहे, घरच्या घरी होण्यासारखं आहे. तरी अळ्या दिसल्याच तर मेटारायझियम ही जैविक बुरशी शेणखतात मिसळून ओलाव्यावर टाका. जिथे मुलं लोळतात तिथे जमिनीत विषारी दाणे टाकायला मी सांगणार नाही.

आता यजमानांचा मुद्दा, पैसे कशाला मोजायचे. नर्सरीत हरळीचं निवडक वाण ‘सिलेक्शन वन’ या नावाने मिळतं. पान बारीक, पेरं आखूड, त्यामुळे कापल्यावर सपाट आणि दाट दिसतं. बांधावरची हरळी लांब पेरांची, राठ, लवकर तुरे काढणारी. फरक आहे, पण तो दोन हातांवरून दिसणारा आहे, रस्त्यावरून नाही. यजमानांनी तासगावहून पोतंभर हरळी आणली तर तीही चालेल, नियमित कापली की तीही दाटते. मात्र मुळांची माती धुऊन, लव्हाळा निवडून मगच आणा. माझं मत विचाराल तर निवडक वाण घ्या, पण सगळ्या जागेचे गालिचे घेऊ नका. एक फूट लादी सोडवून तिच्या काड्या केल्या तर साधारण दहा फूट लागवड होते. म्हणजे ६५० फुटांना ६५ फूट लाद्या पुरेत, खर्च एक दशांश. नर्सरीवाला नाराज होईल, होऊ द्या. काडीचे दोन डोळे मातीत आणि एक वर, तीन-चार इंचांवर टोकत जायचं. पावसाळ्यात आठ-दहा आठवड्यांत जमीन झाकते.

घेण्याआधी लादी उलटी करून बघा. मुळं पांढरी आणि भरपूर हवीत, मातीत लव्हाळ्याच्या काळपट गाठी नकोत. काडी-काडी करताना जे सापडेल ते वेचा.

हरळीला कुंपण हवं, नाहीतर यजमानांचं म्हणणं खरं करून दाखवेल. हिरवळीच्या कडेने शहाबादी फरशीच्या पट्ट्या आठ इंच खोल उभ्या गाडा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात ती गुलाबाच्या वाफ्यात असेल. अंगणातली काढलेली हरळी तासगावच्या रानाकडे कधीही जाऊ देऊ नका, खतातूनसुद्धा नाही.

पहिली कापणी गवत तीन-साडेतीन इंच झाल्यावर. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, आणि दीड इंचाच्या खाली न्यायचं नाही. एवढ्या जागेला हाताने ढकलायचं मशीन पुरतं. पावसाळ्यात आठवड्याला, थंडीत तीन-चार आठवड्यांनी. डिसेंबर-जानेवारीत हरळी फिकी पडते, तिचा तो स्वभाव आहे, खत घालून उठवू नका. वाढीच्या दिवसांत महिन्याला सहाशे ग्रॅम युरिया सगळ्या जागेला पुरतो, पानं कोरडी असताना फोकायचा आणि लगेच पाणी.

चुनखडीच्या काळ्या जमिनीत नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या अशी तक्रार बहुधा पहिल्या वर्षीच येईल. उसाला केवडा पडतो तोच प्रकार, लोह कमी मिळतं. हिराकस (फेरस सल्फेट) पाच ग्रॅम लिटरला घेऊन संध्याकाळी फवारा. फरशीवर पडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

तुमच्या जागेला हे लागू नाही, पण नदीकाठच्या वस्त्यांतले वाचक विचारतील म्हणून सांगते. पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी ज्यांना रोज बघावी लागते, त्यांनीही हरळीच लावावी. चार-आठ दिवस पाण्याखाली राहून ती उठते. पूर ओसरल्यावर वर बसलेला गाळ वाळून पापडी होण्याआधी धुऊन काढायचा, तेवढं पथ्य. साताऱ्याच्या वाचकांसाठी सल्ला वेगळा असेल. यवतेश्वराच्या पायथ्याशी पाऊस जास्त, जमीन मुरमाड आणि उताराची, तिथे निचऱ्याची चिंता कमी आणि माती वाहून जाण्याची जास्त. त्यांनी काड्या टोकण्याऐवजी लाद्याच अंथराव्यात.

एक कोपरा, चार-पाच फुटांचा, कापायचा नाही. कापलेल्या हिरवळीत दूर्वा निघत नाहीत, कोवळे तीन-पाच पात्यांचे कोंब वाढू दिलेल्या हरळीलाच येतात. त्या कोपऱ्यात युरिया, फवारणी काही नको. त्यात कधी पांढरीफटक पडलेली फांदी दिसली तर ती शुभ म्हणून जपू नका, तो रोग असतो, मुळासकट काढा.

लागवडीपासून दसऱ्यापर्यंत नातवंडांना त्यावर जाऊ देऊ नका, दोरी बांधा. दसऱ्याला दोरी सोडा आणि मग ओरडू नका, कितीही तुडवली तरी.